ट्रॅकसाठी रुंद मॅगव्हील बसवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत कुपवाड रस्त्याला माझं अलाइनमेंटचं दुकान आहे. दिवसा समोर उभ्या राहतात त्या ऊसवाल्यांच्या बोलेरो आणि डॉक्टरांच्या क्रेटा. संध्याकाळी फोनवर मात्र वेगळीच मंडळी असतात. कराड, विटा, वाई, जयसिंगपूर अशा गावांतून ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पोलो, व्हर्टस, क्वचित एखादी बीएमडब्ल्यू एम२ किंवा पोर्श केमन घेऊन वर्षातून एक-दोनदा ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला, जाणारी. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकतो. हिशेबासाठी सगळीकडे मॅगव्हीलची, म्हणजे अलॉय चाकांची, एकच जोडी धरली आहे (आकड्यांचा अर्थ प्रश्न १ मध्ये): मूळ चाक ७.५ जे, ईटी ५०. नवं चाक ८.५ जे, ईटी ४५. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

१. मॅगव्हील घेताना नेमके कोणते आकडे बघायचे?

पाच. व्यास इंचात. रुंदी इंचात, तिच्यापुढे ‘जे’ असतं. ते रिमच्या कडेच्या आकाराचं अक्षर आहे. ईटी, म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. आणि मधल्या भोकाचा व्यास, सेंटर बोअर. पोलो आणि व्हर्टसला ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिमीचं वर्तुळ), ऑक्टाव्हियाला ५ बाय ११२. तिघींचा सेंटर बोअर ५७.१. जुन्या एम२ ला (एफ८७) ५ बाय १२० आणि ७२.६, पोर्शला ५ बाय १३० आणि ७१.६. विकणारा यातले दोनच आकडे सांगून “बसतंय की” म्हणाला तर उरलेले तीन विचारा. तो गडबडला की उत्तर मिळालं.

२. रुंद चाक लावलं की लॅप टाइम खरंच कमी होतो का?

पकड टायर देतो, चाक नाही. चाकाचं काम टायरला नीट आधार देण्याचं. अरुंद रिमवर फुगलेला टायर वळणात कडेवर लोळतो, स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी अर्धा क्षण विचार करते. तोच टायर इंचभर रुंद रिमवर चढवला की त्याच्या बाजू ताठ उभ्या राहतात आणि गाडी लगेच वळते. हा फरक पहिल्याच वळणात कळतो.

रुंद रिमबरोबर टायरही रुंद घेतलात तर दुसरा फायदा मिळतो, तो उष्णतेचा. रबर जास्त, त्यामुळे टायर तापायला वेळ लागतो आणि पाचव्या-सहाव्या लॅपलाही पकड टिकते. त्याची किंमत म्हणजे वजन आणि हवेचा विरोध. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या २.१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ५.१२५ किलोमीटर आणि त्यात किलोमीटरहून लांब सरळ पट्टी, तिथे कमी ताकदीच्या गाडीला जड रुंद चाकं ओझंच होतात.

आणि स्पष्ट सांगायचं तर पहिल्या दोन ट्रॅक डेना मूळ चाकांवरच जा. पैसे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलला घाला.

३. चाकावर ८.५ लिहिलंय, पट्टी लावली तर साडेनऊ इंच भरतं. फसवलं का मला?

नाही. लिहिलेला आकडा म्हणजे टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमधलं आतलं अंतर. बाहेरून मोजलं की रिमच्या दोन्ही कडांची जाडी मिळते, आणि एकूण साधारण इंचभर जास्त भरतं. हा फोन मला महिन्यातून एकदा येतोच.

४. ईटीचा हिशेब कसा करायचा? कमी ईटी चांगला की जास्त?

चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी पाठ यांतलं अंतर म्हणजे ईटी. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. चांगला-वाईट असं काही नसतं. तुमच्या गाडीत जागा कुठे आहे त्यावर ठरतं.

रिम एक इंच रुंद झाली, म्हणजे २५.४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७. ईटी ५० चा ४५ केला, म्हणजे सगळं चाक ५ मिमी बाहेर. तर बाहेरची कड १२.७ अधिक ५, म्हणजे १७.७ मिमी बाहेर गेली. आतली कड १२.७ वजा ५, म्हणजे ७.७ मिमी आत सरकली. इथवर सगळे करतात.

पुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात: घासतं ते टायरचं पोट, म्हणजे बाजूचा फुगवटा, रिमची कड नव्हे. आणि पोट कडेच्या प्रमाणात सरकत नाही. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण ५ मिमी रुंद होतो. म्हणजे मूळचाच २२५/४५ आर१७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंच) तुम्ही ७.५ वरून ८.५ वर चढवलात तर तो १० मिमी रुंद झाला, बाजूला ५-५. ईटीचे ५ धरले तर बाहेर १० मिमी आणि आत शून्य! तेच २४५/४० आर१७ घातलात तर पोट बाहेर साडेसोळा आणि आत साडेसहा मिमीच्या आसपास जातं. चाक एकच, टायर बदलला, हिशेब पार बदलला. कंपनीगणिक टायरची खरी रुंदी थोडी कमी-जास्त असते, म्हणून या आकड्यांवर दोन-तीन मिमी सोडून चाला.

ईटी फार कमी केला तर बसायला बसतं, पण चाकाचा टेकू स्टेअरिंगच्या अक्षापासून लांब जातो. मग खड्ड्यात स्टेअरिंग हाताला हिसका देतं, पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी ॲक्सिलरेटर दाबला की ओढते, आणि व्हील बेअरिंगवर भार वाढतो. मूळच्यापेक्षा १०-१२ मिमीहून जास्त उतरू नये असं माझं मत.

५. माझ्या गाडीत किती जागा आहे हे घरच्या घरी कसं मोजू?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे आळस केला की पुढचं सगळं वाया जातं. स्वतःवरूनच सांगतो. पहिली रुंद चाकं मी सेकंडहँड घेतली, विकणाऱ्याच्या “सगळ्यांना बसतात” या एका वाक्यावर. दुकानात बसली, फिरली, घासली नाहीत. कोइमतूरला तिसऱ्या लॅपला जळक्या रबराचा वास आला. पिटमध्ये येऊन बघतो तर टायरची आतली बाजू शॉकअपच्या स्प्रिंगच्या ताटलीला लागून लेथवर धरल्यासारखी गोल सोलली होती. आणखी चार लॅप मारले असते तर टायर फुटलाच असता.

आता रीत. आतून सुरुवात करा. मूळ चाक गाडीवर असतानाच टायरचं पोट आणि शॉकअप यांतली फट मोजा. हात जात नसेल तर शाडूची माती घ्या, गणपतीतली उरलेली चालते. लिंबाएवढा गोळा शॉकअपला चिकटवा, चाक लावा, हाताने एक फेरा फिरवा, चाक काढा. गोळ्याची उरलेली जाडी व्हर्निअरने मोजा, तीच फट. समजा १४ मिमी आली. प्रश्न ४ प्रमाणे नवा टायर साडेसहा आत येणार, म्हणजे साडेसात उरले. पुढच्या चाकाला शॉकअप चाकाबरोबरच वर-खाली होतो आणि वळतो, त्यामुळे ही फट फारशी बदलत नाही. ४-५ मिमी राहिले तरी पुरतात.

बाहेरची गोष्ट वेगळी. तिथे चाक हलतं आणि पत्रा जागेवर असतो. गाडी नुसती उभी असताना मोजून उपयोग नाही. जॅक चेसिसला न लावता खालच्या आर्मखाली लावा आणि चाक आर्चमध्ये जितकं वर जाईल तितकं चढवा. दुसऱ्या बाजूचं चाक जमिनीवर आणि लाकडी ठोकळे लावलेलं असू द्या. स्प्रिंग काढता आली तर सर्वांत उत्तम, पण ते कंप्रेसर नीट वापरता येणाऱ्या मिस्त्रीचंच काम. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. चाक वर असताना स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. फेंडरची आतली कड, प्लॅस्टिकचं लायनर, बंपरचा कोपरा आणि अँटिरोल बारची लिंक ही चार ठिकाणं बॅटरी लावून बघा.

तिसरी जागा ब्रेकची. मोठा कॅलिपर असलेल्या गाड्यांत चाकाच्या काड्या आतून कॅलिपरला लागतात. आकडे सगळे जुळतात आणि चाक तरी बसत नाही, त्याचं कारण हे. किमान ३ मिमी फट हवी. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही इथेच लागतात. ट्रॅकला जाताना त्यांच्यावर ॲल्युमिनियमची टेप मारा, नाहीतर तापून गळून पडतात.

६. ८.५ च्या रिमवर कोणता टायर बसवू?

प्रत्येक मापाच्या टायरला रिमची ठरलेली मर्यादा असते. २२५/४५ आर१७ ला ७ ते ८.५. २३५/४५ आर१७ ला ७.५ ते ९. २४५/४० आर१७ ला ८ ते ९.५. म्हणजे ८.५ वर तिन्ही चालतात. २२५ अगदी शेवटच्या टोकाला आहे आणि २४५ जवळपास मध्यावर. ट्रॅकसाठी मध्यावरचा घ्यावा. अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन फोटोत बरी दिसते. ट्रॅकवर हवा कमी असताना कड सुटायची भीती आणि रिमची कड उघडी पडल्याने खड्ड्यात चाकच वाकतं.

रबराबद्दल थोडं. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, जितका कमी तितकं रबर मऊ. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस चा ३००, कप २ चा १८०. येऊन-जाऊन दोन हजार किलोमीटर रस्त्यानेच जाणार असाल तर ३०० च्या आसपासचा घ्या. शिवाय जून २०२० मध्ये डीजीएफटीने (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) नव्या टायरची आयात ‘मुक्त’मधून काढून परवान्याच्या यादीत टाकली, तेव्हापासून सेमी-स्लिक (कमी खाचांचे ट्रॅकचे टायर) हव्या त्या मापात मिळणं नशिबाचा भाग झालंय. म्हणून मी सांगतो, आधी टायर कुठल्या मापात मिळतोय ते शोधा, मग त्याला रिम शोधा. आपल्याकडे सगळे उलटं करतात.

७. टायर बदलला की स्पीडोमीटर चुकतो का? एबीएसला काही होतं का?

बाहेरचा व्यास बदलला तरच. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४.३ मिमी. २४५/४० आर१७ चा ६२७.८, म्हणजे एक टक्का कमी. मीटर किंचित जास्त दाखवेल, हरकत नाही. २३५/४५ आर१७ चा ६४३.३, दीड टक्का जास्त. दोन टक्क्यांच्या आत राहा.

चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत मात्र पुढचा आणि मागचा व्यास एकमेकांशी जुळायलाच हवा. नाहीतर मधला क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. अशा गाडीत दोन नवे, दोन झिजलेले टायर हेसुद्धा नको.

८. मागे रुंद आणि पुढे मूळ, असं केलं तर? स्वस्तात पडतं.

बहुतेक गाड्या कारखान्यातूनच वळणात पुढून सरळ जाऊ पाहतात, म्हणजे अंडरस्टिअर. साध्या चालकासाठी ते सुरक्षित. मागे पकड वाढवली की हा दोष आणखी वाढतो. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या पोलो-ऑक्टाव्हियात तर हे निव्वळ नुकसान: ओढायचं, वळायचं, थांबायचं बहुतेक काम पुढचे टायर करतात, आणि रुंदी दिली मागच्यांना! या गाड्यांना चारही एकसारखी चाकं लावा. पुढचे झिजले की मागे टाकता येतात.

पोर्श किंवा बीएमडब्ल्यूची गोष्ट निराळी, त्यांना मुळातच मागे रुंद चाकं असतात. एफ८७ एम२ ला पुढे ९ जे वर २४५ आणि मागे १० जे वर २६५. ट्रॅकवाले त्यातही पुढची रुंदी वाढवून चारही सारखी करतात. पण तिथे गाडीची मागची बाजू सुटायला लागते, म्हणून हात बसल्याशिवाय करू नये.

९. थोडंसंच बाहेर हवंय, स्पेसर लावला तर चालेल का?

चालेल, तीन अटींवर. स्पेसर हबला घट्ट बसणारा हवा आणि त्याला पुढे स्वतःची गोल ओठी हवी, जिच्यावर चाक बसेल. स्पेसर जितका जाड तितकाच बोल्ट लांब हवा. आणि वॉशर रचून केलेला जुगाड नको. हसू नका, मी काढलेत ते. ३ मिमीच्या पातळ चकतीला ओठी नसते आणि हबची मूळ ओठी ती गिळून टाकते, म्हणून तीही टाळा.

बोल्ट किती आत गेला हे मोजा: हातानेच फिरवत आटे मोजायचे. बोल्टच्या जाडीइतकी लांबी आत हवी. १४ च्या बोल्टला १.५ पिच (दोन आट्यांतलं अंतर, मिमीत) असेल तर साडेनऊ आटे, बीएमडब्ल्यूसारखा १.२५ पिच असेल तर सव्वाअकरा.

१०. पीसीडी जुळत नाही, लेथवाला नवी भोकं पाडून देतो म्हणतो. पाडू का?

नको. कुपवाड एमआयडीसीतल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही. एक सूत इकडेतिकडे होणार नाही. पण चाकाच्या मधल्या भागातला धातू मूळ भोकांचा विचार करून ठेवलेला असतो. दोन भोकांमधली भिंत पातळ झाली की ट्रॅकवरच्या ताणाने तिथूनच तडा जातो.

५ बाय ११२ च्या हबवर ५ बाय ११४.३ चं चाक ठोकून बसवणं हेही तसंच. दर बोल्टला एक मिमीहून जास्त तिरका ताण पडतो. बोल्ट आवळले जातात, म्हणून बसलं असं वाटतं.

त्याच लेथवाल्याकडे एक काम मात्र जरूर करून घ्या, सेंटर बोअरची रिंग. बाजारातल्या मॅगव्हीलचा मधला व्यास मोठा ठेवलेला असतो, ७३.१ वगैरे, आणि फरक भरून काढायला प्लॅस्टिकची रिंग देतात. ट्रॅकवर ब्रेक तापले की ती वितळून हबला चिकटते. ॲल्युमिनियमची कातून घ्या, बाहेरून ७३.१, आतून ५७.१, मिमीच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने घट्ट. उलटं मात्र होत नाही: ५६.१ बोअरचं चाक ५७.१ च्या हबवर चढतच नाही. पीसीडी ५ बाय १०० जुळला म्हणून जपानी गाडीचं चाक पोलोसाठी घेऊन बसलेले दोघे मला माहीत आहेत.

११. मूळचेच बोल्ट नव्या मॅगला वापरले तर?

बोल्टचं डोकं चाकाला जिथे टेकतं तो आकार बघा. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, पोर्श यांच्या मूळ बोल्टचा टेकू गोल असतो, चेंडूसारखा. बाजारातल्या बहुतेक मॅगचा ६० अंशांच्या शंकूचा. गोल बोल्ट शंकूत आवळला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो. आवळलेला वाटतो आणि चालवून ढिला पडतो. चाकासोबत त्याच आकाराचे नवे बोल्ट घ्या, घासाघीस दुसऱ्या कशात करा.

आवळायचं टॉर्क रेंचने. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १४ च्या बोल्टला १२० न्यूटन मीटर, बीएमडब्ल्यूच्या १४ ला १४०, ७१८ केमनला १६०. हवेच्या गनने नाही. महामार्गावरच्या एका टायरच्या दुकानात गनने आवळलेला माझा बोल्ट पुढच्या वेळी काढताना डोकं ठेवून गेला. अर्धा दिवस ड्रिल करण्यात घालवला. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा, ग्रीस लावलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. नवं चाक लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनी पुन्हा तपासा, ट्रॅकवर प्रत्येक सत्राच्या आधी, चाक थंड असताना.

१२. कास्ट, फ्लो फॉर्म्ड, फोर्ज्ड यांतलं कोणतं घ्यावं? रेप्लिका चालेल का?

कास्ट म्हणजे साच्यात ओतलेलं. फ्लो फॉर्म्ड म्हणजे मधला भाग ओतलेला आणि बाहेरचा पिंप गरम असताना रोलरने दाबून ताणलेला. तेवढ्याच वजनात जास्त ताकद. फोर्ज्ड म्हणजे दाबाखाली घडवलेलं, सगळ्यात मजबूत आणि महाग. ट्रॅकला वर्षातून दोनदा जाणाऱ्याने फ्लो फॉर्म्ड घ्यावं, त्यावर मला चर्चा नको.

चाकाच्या आत जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरं शोधा. पहिलं जपानी मानक पाळल्याचं बनवणाऱ्याचं म्हणणं. दुसरं म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासल्याची खूण. शेजारी एका चाकाला पेलणाऱ्या भाराचा आकडा असतो, समजा ६९० किलो. गाडीचं भरलेलं वजन बघून तो पुरेसा आहे का तपासा. नुसती खूण छापणं अवघड नाही, म्हणून अनोळखी चाक मी तोलून बघतो. मार्केट यार्डात एका मित्राची बेदाण्याची अडत आहे, त्याच्या काट्यावर १७ इंची ‘फ्लो फॉर्म्ड’ चाक बारा किलोच्या वर गेलं की मी हात जोडतो.

१३. फेंडरला घासतंय. पत्रा दुमडून घेऊ का?

आधी प्रश्न ५ प्रमाणे खरंच किती कमी पडतंय ते बघा. दोन-तीन मिमीचा प्रश्न असेल तर कॅम्बर दिल्यावर (प्रश्न १४) चाकाचा माथा आत जातो आणि सुटतो. तरी घासत असेल तर आतली कड दुमडता येते, पण रंग हीटगनने गरम करून, रोलरने, सावकाश. क्रिकेटची बॅट घालून वर-खाली करणारे आहेत. रंग तडकतो, पावसाळ्यात तिथून गंज धरतो आणि दोन वर्षांनी डेंटर-पेंटरचं बिल येतं.

१४. अलाइनमेंट मूळच्याच आकड्यांवर ठेवायचं का?

रुंद टायर लावून मूळ कॅम्बर ठेवलात तर वळणात गाडी कलल्यावर टायर बाहेरच्या खांद्यावर चालतो आणि आतलं रबर फुकट जातं. ट्रॅकला पुढे उणे अडीच अंशांच्या आसपास चांगला. पण सांगलीहून कोइमतूर साधारण हजार किलोमीटर, कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-बंगळूरु करत. जाऊन-येऊन दोन हजार सरळ रस्त्याने. लोक घाबरतात की आतली बाजू खाल्ली जाईल. टायर खातो तो मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, कॅम्बर नाही. टो शून्यावर ठेवा, कॅम्बर उणे दोन, आणि निर्धास्त जा. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर बदलायची सोय मुळात नसते. वरची प्लेट किंवा खास बोल्ट लागतो.

अलाइनमेंट करताना तुमच्या वजनाइतकी पोती चालकाच्या सीटवर ठेवायला सांगा. दुकानदार हसेल, हसू दे.

१५. ट्रॅकवर हवा किती ठेवू?

गरम टायरमधली हवा महत्त्वाची. साधारण ३२ ते ३६ पीएसआय गरम असताना हवी. टायर आणि गाडीचं वजन यांवर थोडं इकडेतिकडे. थंड टायर २७-२८ वर सुरू करा, तीन लॅप मारून या, लगेच मोजा, जास्तीची काढा. एप्रिलमध्ये दुपारी चेन्नईला सकाळच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय सहज चढतात, म्हणून दर सत्रानंतर मोजा. आणि परत निघताना हवा पुन्हा भरा. हे विसरून कमी हवेवर महामार्गाला लागणारे दरवेळी एक-दोन असतातच.

१६. नवी चाकं लावली आणि ९०-१०० ला स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा केलं. आता?

बॅलन्सिंग मशीन चाकाला मधल्या भोकात शंकूने पकडतं, त्यामुळे तिथे चाक बरोबरच येतं. चूक गाडीवर बसवताना होते. आधी सेंटर बोअरची रिंग बघा (प्रश्न १०), मग हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, मग बोल्टचा आकार (प्रश्न ११). हे तिन्ही ठीक असेल तर चाक वाकलंय. मशीनवर फिरवून आतल्या कडेवर डायल लावा. मिलिमीटरभराहून जास्त नाचलं तर कारण सापडलं.

१७. मॅगला तडा गेलाय, वेल्डिंग करून मिळतं. ट्रॅकला चालेल?

नाही. रस्त्यालाही नाही.

१८. आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. नियमबाह्य फेरफारासाठी कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पत्र्याबाहेर आलेलं चाक लांबूनच दिसतं, आणि मागच्याच्या काचेवर खडी उडवतं ते वेगळंच.

विम्याचं त्याहून सरळ आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो. शर्यत आणि वेगचाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर भिंत लागली तर खर्च तुमचा, असं धरूनच जा. रस्त्यावरच्या अपघातातही न कळवलेल्या बदलांवरून दावा अडतो. म्हणून मी काय करतो ते सांगतो: मूळ चाकांवर ट्रॅकपर्यंत जातो, रुंद चाकं टेम्पोने किंवा मित्राच्या गाडीत आधी पोचवतो, पिटमध्ये बदलतो. चार चाकं, टॉर्क रेंच, एक चांगला जॅक. अर्धा तास लागतो.

१९. पावसाळ्यात ही चाकं ठेवली तर चालतात का?

टायर जितका रुंद तितका तो पाण्यावर लवकर तरंगतो. त्यात सेमी-स्लिकच्या खाचा उथळ. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवर साचलेलं पाणी, खंबाटकीत धुकं. अशात २४५ च्या झिजक्या टायरवर ऐंशीलाही स्टेअरिंग हलकं पडतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत मी मूळ चाकं उतरवतच नाही. ट्रॅकचे टायर या काळात हवा थोडी भरून, आडवे, काळ्या पिशवीत, उन्हापासून लांब ठेवा. इन्व्हर्टर आणि मोटारपंपाच्या खोलीत नको. तिथल्या ओझोनने रबराला बारीक चिरा पडतात.

२०. ट्रॅकवर वापरलेले टायर स्वस्तात मिळताहेत. घेऊ का?

बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खाच मोजा, रस्त्यावर १.६ मिमी ही कायद्याची खालची मर्यादा. नखाने दाबा, वारंवार तापून थंड झालेलं रबर खाच शिल्लक असूनही लाकडासारखं लागतं. तसं असेल तर फुकटही नको.

२१. खर्च निघावा म्हणून मूळ चाकं विकून टाकू का?

विकू नका. प्रश्न १८ आणि १९ वाचलेत तर कारण कळेल. शिवाय गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो, “ओरिजिनल मॅग कुठायत?” चार चाकांना माळ्यावर जागा लागते तेवढीच, माझा जो संच गाडीवर नसतो तो पाण्याच्या टाकीमागे असतो, गोणपाटात.